बेटावरचे आठ दिवस

घरात कुणी बीपी म्हटलं की आपल्याला गोळ्या आणि बिनमिठाचं जेवण आठवतं. पण शाळेत ज्यांनी कधी स्काऊट किंवा गाईडचा स्कार्फ गळ्यात अडकवला असेल, त्यांना दुसरे एक बीपी माहीत असतात. मैदानावर सकाळी सकाळी ज्यांच्या नावाचे सहा व्यायाम करावे लागायचे आणि २२ फेब्रुवारीला ज्यांच्या फोटोला हार घातला जायचा, ते बीपी. रॉबर्ट बेडन-पॉवेल. फोटोत रुंद काठाची टोपी, मिशा आणि मिश्कील डोळे. त्यांच्याबद्दल चार ओळी पाठ करून घेतलेल्या असतात. जन्म, मृत्यू, चळवळीचे संस्थापक, बस.

त्या चार ओळींत दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे हा माणूस वयाच्या पन्नाशीपर्यंत शिक्षकही नव्हता आणि समाजसेवकही नव्हता. तो ब्रिटिश साम्राज्याचा सैनिक होता, आणि साम्राज्याच्या सैनिकाच्या हाताला जे लागतं ते त्याच्याही हाताला लागलेलं होतं. दुसरी म्हणजे, जगभर पसरलेली ही अख्खी चळवळ एका बेटावरच्या वीस मुलांच्या आठ दिवसांच्या कॅम्पमधून उभी राहिली. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या कशा, हे समजून घ्यायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागते.

वर्गापेक्षा रान बरं

रॉबर्टचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७चा, लंडनचा. म्हणजे आपल्याकडे मेरठची ठिणगी पडायला अजून अडीच महिने होते. वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक आणि धर्मोपदेशक. घरात मुलांची रांग. रॉबर्ट तीन वर्षांचा असताना वडील गेले आणि सगळा भार आईवर, हेन्रिएटा ग्रेस यांच्यावर पडला. बाई मोठ्या खमक्या. घरात पैसा बेताचा, पण मुलांनी नाव काढलंच पाहिजे हा हट्ट. नवऱ्याचं नाव बेडन आणि आडनाव पॉवेल. त्यांनी १८६९ साली दोन्ही जोडून बेडन-पॉवेल असं भारदस्त आडनावच करून टाकलं. रॉबर्ट हे नाव मुलाला मिळालं ते त्याचे गॉडफादर, रेल्वेचे प्रसिद्ध इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन यांच्यावरून.

पोरगा चार्टरहाऊस या नामांकित शाळेत स्कॉलरशिपवर शिकला. अभ्यासात ठीकठाक. नाटकात, नकला करण्यात आणि चित्र काढण्यात मात्र पुढे. चित्र तर दोन्ही हातांनी काढायचा. १८७२ साली शाळा लंडनहून गोडाल्मिंगला हलली. नव्या शाळेजवळ झाडीचा एक पट्टा होता आणि तिथे मुलांना जायला बंदी होती. बंदी म्हटल्यावर रॉबर्ट तिथे जाणारच. तो तिथे तासन्‌तास दबा धरून प्राणी-पक्षी बघायचा, ससे पकडायचा आणि धूर होणार नाही अशा बेताने विस्तव पेटवून ते भाजून खायचा. धूर दिसला असता तर मास्तर आले असते. मास्तर आलेच तर तो झाडावर चढून बसायचा, कारण माणसं शोधताना वर बघत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं होतं. पुढे आयुष्यभर त्याने जे शिकवलं, त्याचा बराचसा सिलॅबस या झाडीत तयार झाला.

ज्या ऑक्सफर्डला वडील शिकवत, त्याच ऑक्सफर्डने मुलाला दारातून परत पाठवलं. प्रवेश परीक्षेत रॉबर्ट आपटला. मग १८७६ साली, फारशी तयारी न करता, सैन्याची स्पर्धापरीक्षा दिली. सातशेहून जास्त उमेदवार होते. घोडदळाच्या यादीत हा पठ्ठ्या दुसरा आला, आणि लष्करी महाविद्यालयाची पायरीही न चढता थेट १३व्या हुसार्स पलटणीत अधिकारी झाला. पहिलं पोस्टिंग होतं लखनौ. वय वर्षं १९. म्हणजे तुमच्या-आमच्यातल्या एसवायच्या मुलाएवढं.

भारतात शिकलेला धडा

भारतात बीपींनी बरीच वर्षं काढली. लखनौ, अफगाणिस्तानची मोहीम, मथुरा, मेरठ. त्या काळातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांसारखं त्यांचं आयुष्य होतं. पोलो, नाटकं आणि घोड्यावरून भाल्याने रानडुकरांची शिकार. या शिकारीची मोठी स्पर्धा म्हणजे कादिर कप. १८८३ साली तो त्यांनी जिंकला आणि पुढे या शिकारीवर पुस्तकही लिहिलं. आज वाचताना अंगावर येईल असं ते जग आहे. पण तेव्हा ते साम्राज्याचं रोजचं जग होतं, आणि बीपी त्यात मजेत होते.

त्यांच्या डोक्यात एक गोष्ट मात्र वेगळी चालू होती. शिपायाला ओळीत उभं राहून हुकूम ऐकायला शिकवतात, पण एकट्याला रानात सोडलं तर त्याला काही सुचत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. १८९७ ते १८९९ या काळात मेरठला ५व्या ड्रॅगून गार्ड्सचे प्रमुख असताना त्यांनी काही शिपायांना निवडून वेगळं शिक्षण द्यायला सुरुवात केली. पाच-सहा जणांच्या लहान तुकड्या. माग काढणं, नकाशा, ताऱ्यांवरून दिशा, आणि मुख्य म्हणजे स्वतः बघून स्वतः ठरवणं. जे पास होतील त्यांना होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणारं तीन पाकळ्यांचं चिन्ह मिळायचं. स्काऊटच्या बॅजवरचं तेच चिन्ह. या शिकवणीवरून त्यांनी शिपायांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘एड्स टू स्काऊटिंग’. ते १८९९ साली छापून बाहेर पडलं तेव्हा लेखकमहाशय दक्षिण आफ्रिकेत एका गावात अडकून पडले होते.

त्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण जयंतीच्या भाषणात ती येत नाही. १८९६ साली आजच्या झिम्बाब्वेत मटाबेले लोकांनी ब्रिटिशांविरुद्ध उठाव केला होता. तो मोडायला गेलेल्यांत बीपी होते. रानातला माग काढण्याची खरी विद्या त्यांनी तिथे फ्रेडरिक बर्नहॅम या अमेरिकन स्काऊटकडून घेतली. मटोपोच्या डोंगरांत दोघं बरोबर हिंडले. त्याच मोहिमेत उविनी नावाचा एक प्रमुख पकडला गेला. बीपींनी त्याला लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि गोळ्या घालण्याच्या शिक्षेवर सही केली. त्याला जीवदानाचं आश्वासन दिलेलं होतं, असा आरोप झाला. चौकशी बसली, बीपी निर्दोष ठरले. निर्दोष ठरवणारे अर्थातच साम्राज्याचेच लोक होते.

वेढ्यातली पोरं

ऑक्टोबर १८९९. दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर यांचं युद्ध पेटलं. मॅफेकिंग हे रेल्वेवरचं छोटंसं गाव. बोअर सैन्याने त्याला वेढा घातला. आत बीपी आणि साधारण हजारभर बंदुका, बाहेर कितीतरी पटींनी मोठी फौज. हा वेढा चालला २१७ दिवस.

इथे शाळेतल्या नाटकाचा अनुभव कामी आला. बीपींनी वाळू भरलेल्या पेट्या गावाभोवती मोठ्या दिमाखात पुरायला लावल्या आणि सुरुंग पेरल्याची बोंब उठवली. काटेरी तार लांबून दिसत नाही, म्हणून शिपायांना नसलेल्या तारेवरून पाय उचलून उचलून चालायला लावलं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून एकच सर्चलाइट बनवला आणि तो इकडून तिकडे पळवत राहिले, म्हणजे शत्रूला वाटावं की चहूबाजूंनी दिवे आहेत. बोअर सैन्य थबकून राहिलं.

गावात माणसं कमी होती. मग बीपींचे सहकारी लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी गावातल्या पोरांचं एक पथक तयार केलं. निरोप पोचवायचे, टेहळणीला उभं राहायचं, दवाखान्यात मदत करायची. मुलं नऊ वर्षांपासूनची. त्यांचा म्होरक्या वॉर्नर गुडइयर १३ वर्षांचा. आधी गाढवांवरून आणि मग सायकलवरून ही पोरं तोफगोळ्यांतून निरोप नेऊ लागली. वेढ्यात गावाने स्वतःची पोस्टाची तिकिटं छापली. त्यातल्या एकावर बीपींचा चेहरा होता आणि दुसऱ्यावर सायकलवरचा गुडइयर. मुलांवर खरी जबाबदारी टाकली की ती पार पाडतात, हे बीपींनी इथे डोळ्यांनी पाहिलं आणि ते कधी विसरले नाहीत.

पण वेढ्याची दुसरी बाजूही आहे. गावाला लागून बारोलाँग लोकांची मोठी वस्ती होती. आतल्या एकूण माणसांत आफ्रिकन लोक गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. धान्य संपत आलं तेव्हा रेशन ठरवणारे बीपी होते. गोऱ्यांच्या ताटाला आणि आफ्रिकन माणसाच्या ताटाला एकच माप लावलं गेलं नाही. बाहेरून आसऱ्याला आलेल्या आफ्रिकनांचे सगळ्यात जास्त हाल झाले. अनेकांना वेढ्यातून बाहेर जायला भाग पाडलं, कित्येक उपासमारीने गेले. किती दोष बीपींचा आणि किती परिस्थितीचा, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्याच गावात सोल प्लाटिए नावाचा कोर्टातला तरुण दुभाष्या रोज डायरी लिहीत होता. पुढे हाच तरुण आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या पूर्वसंस्थेचा पहिला सरचिटणीस झाला. त्याची डायरी छापून यायला १९७३ साल उजाडलं. तोवर मॅफेकिंगची गोष्ट म्हणजे फक्त बीपींची गोष्ट होती.

१७ मे १९०० रोजी वेढा उठला. लंडनच्या रस्त्यांवर लोक अक्षरशः वेडे झाले. बीपी ४३व्या वर्षी मेजर जनरल. त्यांचे फोटो कपबशांवर, बटणांवर, सगळीकडे. आजच्या भाषेत सांगायचं तर रातोरात व्हायरल.

शिपायांचं पुस्तक, पोरांच्या हातात

१९०३ साली इंग्लंडला परतल्यावर बीपींना एक गंमत कळली. शिपायांसाठी लिहिलेलं त्यांचं ते छोटं पुस्तक शाळकरी मुलं वाचत होती, आणि शिक्षिका निरीक्षण शिकवायला ते वापरत होत्या. १९०४ साली ग्लासगोला बॉईज ब्रिगेडच्या मुलांची कवायत पाहायला ते गेले. ब्रिगेडचे संस्थापक विल्यम स्मिथ यांनी सुचवलं की मुलांसाठीच असं काही लिहा. १९०६ साली अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन यांनी आपलं पुस्तक पाठवलं. सेटन उत्तर अमेरिकेत मुलांना रानात नेऊन मूळनिवासींच्या पद्धतीने राहायला शिकवत होते. बीपींनी त्यांच्याकडून बरंच उचललं. किती उचललं आणि श्रेय किती दिलं, यावरून पुढे दोघांत बिनसलंही.

आराखडा तयार होता. पण कागदावरची योजना खऱ्या मुलांवर चालते का, हे बघायला हवं होतं. मग जागा शोधली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल बंदराच्या खाडीत ब्राऊनसी नावाचं बेट आहे. झाडी, समुद्रकिनारा आणि शहरी लोकांची वर्दळ नाही. बेटाचे मालक चार्ल्स व्हॅन राल्ट यांनी आनंदाने परवानगी दिली. तारीख ठरली, १ ऑगस्ट १९०७.

चार संघ, एक शिंग

मुलं एकूण वीस, शिवाय बीपींचा नऊ वर्षांचा पुतण्या डोनल्ड. आता नीट लक्ष द्या, कारण खरा प्रयोग इथे आहे. वीसपैकी दहा मुलं ईटन, हॅरोसारख्या बड्या शाळांतली, म्हणजे बंगल्यातली. उरलेली दहा बोर्नमथ आणि पूल या गावांच्या बॉईज ब्रिगेडमधली, कामकरी घरांतली. १९०७च्या इंग्लंडमध्ये ही दोन प्रकारची मुलं एका बाकावर बसत नव्हती, एका तंबूत झोपणं तर दूरच. बोलण्याच्या ढबीवरून कोण कुठला ते पहिल्या वाक्यात कळायचं. फीसुद्धा ऐपतीप्रमाणे होती. बड्या शाळेच्या मुलाला एक पौंड, गावातल्या मुलाला साडेतीन शिलिंग, म्हणजे साधारण सहावा हिस्सा.

बीपींनी या मुलांना मिसळून चार संघांत वाटलं. लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचे लांब चोचीचे पाणपक्षी. खांद्यावर लोकरीच्या रंगीत धाग्यांचा झुबका, त्यावरून संघ ओळखायचा. निळा लांडग्यांचा, हिरवा बैलांचा, लाल डोमकावळ्यांचा, पिवळा कर्ल्यूंचा. प्रत्येक संघात थोरला मुलगा संघनायक. आणि संघाची जबाबदारी पूर्णपणे त्याची. मोठी माणसं मधे पडणार नाहीत. बीपींना मदतीला केनेथ मॅक्लारेन हे जुने लष्करी मित्र आणि आणखी दोन-चार जण होते. पण संघ चालवायचा तो मुलांनीच.

सकाळी बिगुल वाजायचा नाही. बीपी कुडू नावाच्या आफ्रिकन हरणाचं पिळदार शिंग फुंकायचे. ते त्यांना मटाबेलेच्या मोहिमेत मिळालं होतं. मॅफेकिंगमध्ये फडकलेला झेंडाही कॅम्पवर लावला होता. मग हलकं खाणं, व्यायाम, तंबूची साफसफाई, प्रार्थना, नाश्ता आणि दिवसाचं काम. दुपारी जेवणानंतर सक्तीची विश्रांती, तीही चिडीचूप. एनएसएसच्या कॅम्पला गेलेल्यांना हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथे बौद्धिकं नव्हती.

हे बीपींनी ठरवूनच केलं होतं. मुलांना समोर बसवून तासभर बोलायचं नाही. रात्री शेकोटीभोवती गोष्टीच्या ओघात थोडं सांगायचं, सकाळी एकदा करून दाखवायचं आणि मग खेळ किंवा स्पर्धा लावून मुलांकडूनच करून घ्यायचं. प्रत्येक दिवसाला एक विषय. पहिला दिवस बस्तान बसवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी गाठी, विस्तव, भांड्याशिवाय स्वयंपाक, कॅम्पची स्वच्छता. तिसऱ्या दिवशी निरीक्षण. वस्तू क्षणभर दाखवून झाकायच्या आणि आठवून सांगायच्या हा जो खेळ आपण सगळे खेळलोय, तो किपलिंगच्या ‘किम’ या कादंबरीत आहे. तिथे सिमल्यात एक रत्नांचा व्यापारी किम नावाच्या पोराला तसं तयार करतो. बीपींनी तो उचलला आणि नावच ठेवलं किम्स गेम. चौथ्या दिवशी रानातले प्राणी आणि तारे. पाचव्या दिवशी दिलदारपणा आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. सहाव्या दिवशी आग, बुडणारा माणूस, उधळलेला घोडा, घाबरलेला जमाव अशा प्रसंगांत जीव वाचवणं. सातवा दिवस देशाभिमानाचा. त्यात साम्राज्याचा भूगोल आणि आरमार आलंच. आठव्या दिवशी खेळ.

खेळही साधेच. एक मुलगा हरीण व्हायचा, सहा टेनिसचे चेंडू घेऊन रानात लपायचा आणि बाकीच्यांनी त्याचा माग काढायचा. बेसावधपणे जवळ आलात तर हरीणच तुम्हाला चेंडू हाणणार. दुसरा खेळ व्हेल माशाचा. लाकडाच्या ओंडक्याला डोकं-शेपटी लावून पाण्यात सोडलेला व्हेल, आणि दोन होड्यांतून भाला मारून त्याला ओढून आणायची चुरस.

सगळ्यात भारी होती ती रात्र. रोज एक संघ पहाऱ्याला बाहेर पडायचा. पीठ, बटाटे, मांस आणि चहा असा शिधा बरोबर. कॅम्पपासून लांब जाऊन स्वतः जागा शोधायची, विस्तव पेटवून स्वतः रांधायचं, पहारेकरी नेमायचे आणि उघड्यावर झोपायचं. संघनायक असेल पंधरा-सोळा वर्षांचा. आसपास मोठं माणूस नाही. आणि अंधारातून कोण येणार हे सगळ्यांना माहीत असायचं. मॅफेकिंगचे जनरलसाहेब स्वतः पोटावर सरपटत पहारा चुकवायला यायचे, आणि पोरं त्यांना पकडायला टपून असायची. शाळेजवळच्या झाडीत मास्तरांना चुकवणारा मुलगा पन्नाशीतही तोच खेळ खेळत होता. फरक इतकाच की या वेळी पकडणारी मुलं होती.

शेवटी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिकं झाली आणि ९ ऑगस्टला मुलं घरोघर परतली. हिशेब जमवला तर कॅम्प तोट्यात. ती तूट कॅम्पला आलेल्या दोन भावांच्या वडिलांनी भरून दिली. पण बीपींना हवं ते उत्तर मिळालं होतं. लहान संघ आणि त्याचा मुलांमधलाच नायक ही रचना चालली होती. मुलाला शब्दावर सोडलं की तो शब्द पाळतो, हे दिसलं होतं. आणि बंगल्यातली व चाळीतली मुलं एका शेकोटीवर जेवली, तरी आभाळ कोसळलं नव्हतं.

मुलींनी दार वाजवलं

जानेवारी १९०८पासून ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ दर पंधरवड्याला एक असं सहा भागांत निघालं. किंमत प्रत्येकी चार पेनी. म्हणजे पॉकेटमनीत बसणारी. पहिल्याच प्रकरणात किम आहे आणि मॅफेकिंगची पोरंही. बीपींचा अंदाज होता की ज्या संस्था आधीच आहेत त्या हे पुस्तक वापरतील. झालं उलटंच. मुलांनी पुस्तक विकत घेतलं, आपापल्या गल्लीत संघ बनवले आणि मग आम्हाला शिकवायला कुणीतरी मोठं माणूस द्या म्हणून शोध सुरू केला. संघटना नंतर आली, मुलं आधी.

४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला पहिला मोठा मेळावा भरला. दहा हजारांहून जास्त मुलं जमली. त्यांत काही मुलीही येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणी न बोलावता, स्काऊटचा पोशाख करून. पुस्तकाच्या नावात फक्त मुलगे होते. मुलींनी ते मनावर घेतलंच नव्हतं. बीपींना त्यांची दखल घ्यावी लागली. १९१० साली गर्ल गाईड्सची स्थापना झाली आणि सूत्रं त्यांची बहीण ॲग्नेस यांच्याकडे गेली. त्याच वर्षी बीपींनी सैन्य सोडलं. दोन वर्षांनी बोटीच्या प्रवासात त्यांना ऑलेव्ह सोम्स भेटल्या. त्या २२ वर्षांच्या, हे ५४चे. वाढदिवस मात्र एकच, २२ फेब्रुवारी. ऑक्टोबर १९१२मध्ये लग्न झालं. पुढे गाईड चळवळ जगभर नेली ती ऑलेव्ह यांनी.

१९१४चं महायुद्ध आलं. ब्राऊनसीच्या शेकोटीभोवती बसलेली मुलं आता सैनिकाच्या वयाची होती, आणि त्यांतली काही परत आली नाहीत. स्काऊटिंग म्हणजे पोरांना गुपचूप सैनिक बनवण्याचा कारखाना, अशी टीका पहिल्यापासून होत होती. युद्धानंतर बीपींचा भर बदलत गेला. १९२० साली लंडनला पहिली जागतिक जांबोरी भरली. ३४ देशांतली सुमारे ८,००० मुलं आली. साम्राज्याऐवजी आता जगाच्या भावकीची भाषा आली. १९२२ साली त्यांनी तुमच्या वयाच्या मुलांसाठी ‘रोव्हरिंग टू सक्सेस’ लिहिलं. कॉलेजात ज्याला आपण रोव्हर क्रू म्हणतो, त्याचं हे पुस्तक. आपली नाव आपणच वल्हवायची, ही त्यातली मुख्य कल्पना.

भारताने बीपींकडून जे घेतलं

भारतात स्काऊटिंग १९०९ सालीच आलं. पण कुणासाठी? गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना प्रवेश नाही. माग काढायला, नकाशे वाचायला आणि संघ बांधायला शिकलेली भारतीय मुलं उद्या क्रांतिकारक झाली तर, ही सरकारी भीती. ज्या चळवळीच्या नियमात सगळे स्काऊट एकमेकांचे भाऊ होते, तिचं दार लखनौ-मेरठच्या मुलांना बंद होतं, जिथे बीपी स्वतः तयार झाले.

भारतीयांनी मग परवानगीची वाट पाहिली नाही. मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम सुरू केलं. नागपूरला वकिली करणारे हेच बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मद्रासला ॲनी बेझंट यांनी स्वतंत्र भारतीय स्काऊट संघटना काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभारली आणि तिची पोरं गर्दीत, जत्रांत राबू लागली. १९२१ साली बीपी भारतात आले. बेझंटबाईंची संघटना मूळ प्रवाहात आली, मालवीयांची बाहेरच राहिली.

१९३७ साली बीपी पुन्हा आले, दिल्लीच्या पहिल्या अखिल भारतीय जांबोरीला. वय ऐंशीला टेकलेलं. त्या दौऱ्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी जे उद्गार काढले त्यांनी इथली माणसं दुखावली. जुन्या अधिकाऱ्याचा तो सूर लपला नाही. अनेकांनी संघटना सोडली आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. म्हणजे लोकांनी बीपींना सोडलं, पण त्यांची शेकोटी सोडली नाही. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी सगळे प्रवाह एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली. पुढच्या वर्षी गाईडही त्यात आल्या. आपल्या शाळेतला स्कार्फ या वाटेने आला आहे.

न्येरीचा दगड

१९३८ साली बीपी आणि ऑलेव्ह केनियात न्येरी इथे राहायला गेले. इंग्लंडमधल्या घराचं नाव होतं पॅक्स हिल, म्हणजे शांतीची टेकडी. इथल्या छोट्या बंगलीचं नाव ठेवलं पॅक्सटू. समोर माउंट केनिया. शेवटची दोन-तीन वर्षं ते प्राण्यांची चित्रं काढत बसायचे. ८ जानेवारी १९४१ रोजी ते गेले. पुढे त्याच बंगलीत एक दुसरा भारत-सोडलेला माणूस राहायला आला, कुमाऊँचा शिकारी जिम कॉर्बेट. दोघांच्या कबरी न्येरीच्या एकाच दफनभूमीत आहेत. बीपींच्या दगडावर एक वर्तुळ आणि मधे टिंब कोरलेलं आहे. स्काऊटच्या खुणांच्या भाषेत त्याचा अर्थ, मी घरी गेलो.

बीपींचं काय करायचं, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. काही ठिकाणी त्यांचे पुतळे हटवण्याची मागणी होते, काही ठिकाणी तेच पुतळे वाचवायला जुने स्काऊट येऊन उभे राहतात. उविनीचा मृत्यू आणि मॅफेकिंगमधली उपाशी माणसं हार घालून झाकता येत नाहीत, आणि झाकूही नयेत. पण ब्राऊनसीची ती रात्रही तितकीच खरी आहे, जेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात शिधा आणि काड्यापेटी देऊन सांगितलं गेलं की हा संघ आता तुझ्यावर. क्रिस्टल पॅलेसच्या मुलींनी आणि अलाहाबादच्या पोरांनी तीच गोष्ट मागितली, मिळाली नाही तेव्हा स्वतः उभी केली, आणि ज्याने ती शोधून काढली त्याच्यापेक्षा जास्त मोठी केली.

पुढच्या वेळी कॉलेजचं शिबिर ठरेल आणि वेळापत्रकात सकाळ-संध्याकाळ पाहुण्यांची भाषणं दिसतील, तेव्हा संयोजकांना एक विचारून बघा. यातली एक रात्र पूर्ण आमच्यावर सोडाल का? स्वयंपाक, पहारा, सगळं. नाही म्हणाले तर १९०७चं उदाहरण द्या. तेव्हाची मुलं तुमच्यापेक्षा लहान होती.